वळणावर मुका होणारा व्हॉल्व्ह

आळेफाटा

बाईमाणसाच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तो आळेफाट्याला, आणि तो बघता बघता माझ्या हातातला कप कलंडून चहा थेट गाड्यांचे दोष वाचणाऱ्या माझ्या स्कॅनरवर सांडला. पट्टा चामड्याचा, दोन बोटं रुंद, आणि त्यातून बाहेरच्या अंगाला अणकुचीदार खिळे आलेले. आमच्या सोलापूरकडे मेंढपाळांच्या कुत्र्यांना असले पट्टे असतात. इथे तर नीट चापूनचोपून साडी नेसलेली, पस्तिशीची, व्हॅन चालवत आलेली बाई. तिनं खाली उतरून मानेमागचं बक्कल सोडलं, पट्टा गाडीच्या आरशाला अडकवला आणि मला विचारलं, "तुमीच का सोलापूरच्या ताई?"

मी 'हो' म्हटलं.

माझी नजर पट्ट्यावरून हलेना हे तिच्या लक्षात आलं. "बिबट्या मानंला धरतो ना," ती म्हणाली. "रानात वाकून काम करताना घालायचा. आमच्या वस्तीवर समद्या बायका घालत्यात. सकाळी गवत कापलं आन् तशीच आले, काढायचा राह्यला." डोक्यावरची टोपी काढायची राहिली, अशा सुरात ती हे बोलत होती. मी स्कॅनर पुसायच्या निमित्तानं मान खाली घातली.

ही वैशाली. आळे आणि बेल्ह्याच्या मधे, रस्त्यापासून आत उसात, पाचपंचवीस घरांची एक वस्ती आहे. तिथली पोरं ती आपल्या डिझेल व्हॅनमधून आळ्याच्या शाळेत नेते आणि संध्याकाळी परत आणते. तिची स्वतःची मुलगीही त्यात असते. ही व्हॅन संध्याकाळी घरी परतताना वाटेत अचानक दम सोडायची. मीटरवर पिवळा दिवा लागायचा, पाय कितीही दाबला तरी गाडी रांगायची, कधी बंदच पडायची. तेही ओढ्याच्या वळणावर, जिथे दोन्ही बाजूंनी ऊस आहे आणि जिथे बिबट्या सगळ्यात जास्त दिसतो.

"परवा बेल्ह्याचा बाजार," वैशाली म्हणाली. "बाजार करून आले की वस्तीवरची माणसं बसून ठरवणार हायेत. तवर गाडी नीट झाली न्हाई तर पोरांची शाळा बंद. पोरं जित्ती ऱ्हायली तर शिकतील, असं म्हणत्यात समदे. आन् त्यांचं तरी काय चुकलं, ताई?"

गॅरेजचे मालक मुनीरभाई हे माझे जुने सोबती. पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही बरोबर उमेदवारी केली. मग ते जुन्नर तालुक्यात आपल्या गावी परतले आणि मी सोलापुरात गाड्यांचे दोष शोधून द्यायचं काम सुरू केलं. दुरुस्ती दुसऱ्यांनी करायची, रोग मी सांगायचा. मुनीरभाई सहसा कोणाला बोलावणाऱ्यातले नाहीत. त्यांचा फोन आला तेव्हाच मी समजले की पाणी गळ्यापर्यंत आलंय.

"व्हॉल्व्ह बदलला, ताई. जोडणी बदलली. तार इंजिनपासून नवी टाकली," ते डोकं खाजवत म्हणाले. "दर येळंला स्कॅनर एकच म्हणतो, व्हॉल्व्ह बोलत न्हाई. आन् हितं आणली की पठ्ठ्या पोपटावाणी बोलतो! आता सांगा, मी काय करू राव?"

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिझेल इंजिनाचा थोडा धूर पुन्हा इंजिनातच सोडला की बाहेर विषारी वायू कमी जातो. तो किती सोडायचा हे ठरवणारी झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. नव्या गाड्यांत त्याला स्वतःचा छोटा मेंदू असतो, आणि एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून तो इंजिनाच्या मोठ्या मेंदूशी सतत बोलत असतो. मोठ्या मेंदूनं हाक मारली आणि धाकट्यानं ओ दिली नाही, की मोठा घाबरतो आणि इंजिनाची ताकदच कापून टाकतो. चावी बंद करून पुन्हा लावली की कधी कधी सगळं विसरून गाडी धावायला लागते. असा कधी येणारा, कधी जाणारा दोष शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

मी दुपारभर त्या गाडीच्या मागे होते. व्हॉल्व्हला मिळणारी वीज मोजली, ठीक. दोन तारांमधला रोध मोजला, जसा हवा तसा. उंदरानं कुरतडलेलं काही नाही, पाणी शिरलेलं नाही. तारा हलवल्या, ओढल्या, इंजिन तापवून पाहिलं. शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "गाडीला बाहेरचं काही बसवलंय का? टेप, जादा लाइट, काही?"

"काय बी न्हाई," वैशाली म्हणाली. तिच्या तोंडावर खोटेपणाचा लवलेश नव्हता, आणि ती खोटं बोलतही नव्हती.

ती पोरं आणायला गेली. अंधार पडतो न पडतो तोच तिचा फोन आला. गाडी पुन्हा त्याच वळणावर रांगली होती. मागे पोरांच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि मी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून तो ऐकत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

अवसरी खुर्द

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना शाळेत सोडून वैशाली व्हॅन घेऊन आली. शाळा सुटेपर्यंत गाडी आमच्या ताब्यात होती. मुनीरभाईंनी चाक धरलं, मी स्कॅनर मांडीवर घेतला, आणि हायवेला लागून आम्ही नारायणगाव, मंचर मागे टाकत आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दपर्यंत गेलो. वाटेत मुद्दाम खड्ड्यांतून नेली, चढावर दाबली, एका धुलाई केंद्रावर खालून पाणी मारून घेतलं. व्हॉल्व्ह एक अक्षर चुकला नाही.

अवसरीत मुनीरभाईंच्या ओळखीच्या घरगुती खानावळीत जेवायला बसलो. पाठीला पिशव्या लावलेली इंजिनिअरिंगची पोरं शेजारच्या टेबलावर परीक्षेबद्दल भांडत होती. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "मासवडी चालंल ना?" मी घाईघाईनं सांगितलं की मी मासे खात नाही. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढ्यात आली ती बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसूण भरून कापलेली वडी, आणि सोबत नाकातून पाणी काढणारा काळा रस्सा. माशाचा तिच्याशी संबंध फक्त आकारापुरता! आमच्या शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर माझा जीव आहे, पण त्या दुपारी मी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं हे कबूल करते.

जेवताना मी मावशींना सहज विचारलं, "इकडेपण आहे का हो बिबट्या?"

"परवाच्याला मागल्या पडवीत आलता," त्या रस्सा वाढत म्हणाल्या. "मांजर नेलं. अजून भाकर देऊ?"

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे उन्हं कलली की माणसं अंगणात बाज टाकून बसतात. इथे उन्हं कलली की माणसं दारं लावून घेतात, खिडक्यांना जाळ्या ठोकतात, गोठ्याला चारी बाजूंनी तार मारतात. आणि तरी जेवण, लग्न, परीक्षा सगळं ठरल्या वेळी चालू असतं. त्यांच्या या सरावाचाच मला जास्त धक्का बसला.

परतताना मी मुनीरभाईंना म्हणाले, "सकाळी जाताना गाडी कधी थांबलीय?"

"कधीच न्हाई."

"मग आज संध्याकाळी मी त्या गाडीत बसणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आरशाला अडकवलेला तो खिळ्यांचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. चेष्टा होती, पण ते हसले नाहीत.

ओढ्याचं वळण

आळ्याच्या शाळेतून पोरं गाडीत चढली आणि माझ्याकडे बघून कुजबुजू लागली. थंडीचे दिवस, उजेड लवकर पळत होता. मी वैशालीच्या शेजारी स्कॅनर जोडून बसले. डांबरी रस्त्यावर सगळं व्यवस्थित. मग जिथून वस्तीचा कच्चा रस्ता फुटतो तिथे एक पिठाची गिरणी आहे, तिच्यासमोर वैशालीनं गाडी थांबवली. पांढरी टोपी घातलेला, पापण्यांवर पीठ बसलेला एक म्हातारा बाहेर आला. त्याच्या हातात एक लांबोळकी पेटी होती. तिच्यावर लाल-निळे दिवे, खाली भोंगा, आणि मागून लोंबणारी वायर.

वैशालीनं ती पेटी टपावर लोखंडी कडीत अडकवली, वायर खिडकीतून आत घेतली आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून तिची पिन कुठल्याशा सॉकेटात खुपसली. टपावर लाल-निळा उजेड लुकलुकू लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी आ वासून बघत राहिले.

"वैशाली, काल मी विचारलं होतं गाडीला बाहेरचं काही लावलंय का!"

"ह्यो गाडीचा न्हाई, ताई," ती सरळ म्हणाली. "ह्यो वस्तीचा दिवा. दिवसा गिरणीत ऱ्हातो. सांजच्याला जी गाडी आत जाईल तिनं न्यायचा, सकाळी जी पयली बाहेर येईल तिनं हितं ठिवायचा. पावण्याची गाडी आसली तर तिनं दिव्याच्या गाडीमागनंच आत यायचं. समद्या गाड्यांना तात्यांनी सॉकेटं बसवल्यात."

तात्या म्हणजे तोच म्हातारा, गिरणीवाला. आता मला कळलं की गॅरेजमध्ये गाडी निरोगी का असते. गाडी यायची ती दिवा गिरणीत ठेवूनच. मुनीरभाईंनी इंजिन पालथं घातलं, मीही घातलं. डॅशबोर्डच्या मागे फ्यूजपाशी कोणी तार जोडली असेल हे दोघांच्याही मनात आलं नाही. स्कॅनरवर मात्र आता स्पष्ट दिसत होतं. दिवा पेटला की व्हॉल्व्हला मिळणारी वीज खाली जायची, दिवा विझला की वर यायची. व्हॉल्व्ह अडखळत होता, पण अजून बोलत होता.

"गाडी थांबव, मी ती पिन काढते," मी म्हणाले.

"आता न्हाई!" वैशाली इतक्या जोरात म्हणाली की मी हात मागे घेतला. दोन्हीकडे ऊस सुरू झाला होता.

पुढे उतार लागला, ओढा दिसला, आणि मागून सगळी पोरं एका सुरात ओरडली, "भोंगा!" हा त्यांचा रोजचा रिवाज. वळण आलं की भोंगा वाजवायचा, म्हणजे बिबट्या पळतो. वैशालीनं वायरीवरचं बटण दाबलं. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि माझ्या मांडीवरच्या स्कॅनरवरून व्हॉल्व्ह नाहीसा झाला. पिवळा दिवा लागला. गाडीनं दम सोडला आणि ओढ्याच्या मधोमध रांगू लागली.

जिथे भीती सगळ्यात जास्त तिथेच ही माणसं भोंगा वाजवत होती, आणि भोंगा वाजवला म्हणून गाडी नेमकी तिथेच मरत होती!

"ताई," वैशाली पुटपुटली, "डावीकडं."

बांधावर तो बसला होता. लाल उजेडात दिसायचा, अंधारात जायचा, निळ्या उजेडात पुन्हा दिसायचा. पळणं सोडाच, कानही हलवत नव्हता. त्याला त्या दिव्याची आणि भोंग्याची इतकी सवय झाली होती की आपली रोजची गाडी आली, अशा थाटात तो आमच्याकडे बघत होता. मागे एक पोरगी मुसमुसायला लागली, आणि ती वैशालीचीच होती हे वैशालीनं न वळता मागे हात नेऊन तिला धरलं तेव्हा मला कळलं.

मी डॅशबोर्डखाली हात घातला, चाचपडत वायर धरली आणि पिन उपटली. भोंगा थांबला, वरचा उजेड गेला. पोरं किंचाळली.

"कुणाला इचारून काढला दिवा?" वैशाली माझा हात धरून ओरडली.

"चावी बंद कर. वैशाली, चावी बंद कर आणि पुन्हा लाव."

"दिव्याबिगर न्हाई जायाचं!"

"दिव्यामुळेच थांबलीय गाडी! एकदा ऐक माझं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मागे पोरांकडे पाहिलं, आणि चावी फिरवली. हेडलाइटही विझले. त्या अंधारात किती वेळ गेला हे मला सांगता येणार नाही, बहुधा एका श्वासाएवढाच गेला असेल. तिनं पुन्हा चावी लावली, इंजिन धडधडलं, स्कॅनरवर व्हॉल्व्ह ओ देऊ लागला. गाडी झटक्यात वर चढली आणि वस्तीत पोहोचेपर्यंत तिनं एकदाही कुरकुर केली नाही.

पोरं उतरली तरी वैशाली चाकापाशीच बसून राहिली. "तो दिवा कुणी केला ठावं हाय का तुमाला?" ती म्हणाली. "तात्यांची बायकू त्या वळणावर गवत कापत व्हती. बिबट्यानं तिथंच नेली तिला. तवापासून तात्या प्रत्येक गाडीत डॅशबोर्डखाली झोपून सॉकेटं बसवत्यात. हातात पाना घेतल्याबिगर त्यांना चैन पडत न्हाई. त्यांना कोण सांगणार, तुमी?"

मी उतरून टपावरच्या दिव्याची वायर गुंडाळू लागले.

गिरणी

बाजाराचा दिवस उजाडला. रस्त्यानं बेल्ह्याकडे बैल आणि म्हशी घेऊन टेम्पो चालले होते. मुनीरभाई आणि मी गिरणीपाशी पोहोचलो तेव्हा पोरांना शाळेत सोडून वैशाली आधीच आली होती. तात्यांनी आम्हाला पोत्यांवर बसवलं, गूळ आणि पाणी पुढे केलं. आमच्याकडेही पाहुण्याला असंच गूळपाणी देतात. मला एकदम घरची आठवण आली आणि बोलणं आणखी जड झालं.

मी सांगितलं. जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. तात्या ऐकत होते आणि हसत होते. "तार मी चांगली जोडल्याली हाय, बाई. चावी लावली की आपसूक वीज येती आशी तार हुडकून काढली म्या. दिवा लावायचा कुणी इसरायला नको म्हणून."

तीच तार व्हॉल्व्हची होती. त्यांनी ती मायेनंच निवडली होती. बोलून काही उपयोग नव्हता म्हणून मी व्हॅनच्या व्हॉल्व्हपाशी मीटर लावला आणि त्यांना जवळ बोलावलं. मुनीरभाईंनी दिवा टपावर अडकवून त्याची पिन बसवली. "तात्या, भोंगा दाबा आणि हा आकडा बघा."

त्यांनी दाबला. आकडा धाडकन खाली आला. सोडला, वर गेला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. गिरणीत दळायला आलेल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. भोंग्याच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"म्हंजे पोरं तिथं अडकायची," तात्या म्हणाले, "ती माझ्यामुळं?"

मुनीरभाईंनी मान खाली घातली. तात्यांनी टपावरचा दिवा काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, दगडावर आपटण्यासाठी. वैशालीनं धावत जाऊन त्यांचे हात धरले.

"फोडायचा न्हाई, तात्या. दिवा आपला हाय. ताई, त्याला येगळी तार देता येती का न्हाई?"

येत होती. बॅटरीपासून थेट जाड तार, मधे स्वतंत्र स्विच म्हणून रिले, आणि फ्यूज, अर्थिंगची जोडणी व्हॉल्व्हपासून लांब. मुनीरभाईंनी आणि मी गिरणीच्या सावलीत बसून ते केलं. तात्या शेजारी उकिडवे बसून प्रत्येक स्क्रू बघत होते, आणि मधेच विचारत होते, "आन् ह्यो? ह्यो कुठं जातो?" वस्तीवरच्या बाकीच्या गाड्यांच्या जुन्या जोडण्याही काढायच्या असं ठरलं, आणि त्या आता आपणच काढणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही, हे तात्यांनी आम्हाला बजावून सांगितलं.

संध्याकाळी बाजार करून परतलेली माणसं गिरणीपाशी जमली होती. शाळेची व्हॅन आली. तात्यांनी दिवा टपावर अडकवला, पिन लावली आणि वैशालीच्या शेजारचं दार उघडून स्वतः आत बसले. त्यांना कोणी नको म्हणालं नाही. मी मागे पोरांमध्ये स्कॅनर घेऊन बसले. माझ्या गुडघ्याला वैशालीच्या मुलीचा गुडघा घट्ट टेकला होता.

ऊस सुरू झाला. उतार लागला. ओढा आला आणि या वेळी पोरं ओरडली नाहीत. वैशालीनं हळूच तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी बटणावर बोट ठेवलं, एक क्षण तसंच ठेवलं, आणि दाबलं.

भोंगा वाजला. स्कॅनरवर व्हॉल्व्हचा आकडा जिथल्या तिथे उभा होता. "बोलतोय!" मी ओरडले, पण ते मलाच ऐकू आलं नाही. गाडी ओढ्यातून वर आली, वळण गेलं, ऊस संपला, पहिली घरं आली, आणि भोंगा वाजतच होता. माणसं दारं उघडून बाहेर आली. कुत्री भुंकायला लागली. गाडी मारुतीच्या पाराशी उभी राहिली तरी तात्यांचं बोट बटणावरच होतं.

"तात्या," वैशालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला, "आली वस्ती. सोडा आता."

"थांबली न्हाई ना गं गाडी?"

"न्हाई थांबली, तात्या."

"वळणावर बी?"

"वळणावर बी न्हाई."

मग त्यांनी बोट उचललं.